होदूच्या पोटातला 'न'

हिब्रू शिकायला नुकती सुरुवात केलेला माणूस तेल अवीवमधल्या शवर्म्याच्या दुकानासमोर उभा राहिला, तर पाटी वाचताना एका जागी अडखळतो. 'शवर्मा होदू.' होदू म्हणजे भारत, हे पहिल्या दोन-चार धड्यांतच आलेलं असतं. मग हा काय भारतीय शवर्मा? आत गरम मसाला घातलाय की काय? तसं काही नसतं. इथे होदू म्हणजे टर्की हा पक्षी. इस्राएलमध्ये सळईवर फिरणारं मांस पुष्कळदा टर्कीचंच असतं. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये डोकावला, तर तिथल्या प्रार्थनेतही 'होदू' ऐकू येतो, आणि आता त्याचा अर्थ 'आभार माना' असा असतो.

देश, पक्षी आणि कृतज्ञता. यातल्या दोघांचं नातं खरं आहे, तिसरा निव्वळ योगायोगाने शेजारी येऊन बसलाय. कोण कुठला ते शोधायचं तर थेट सिंधूच्या काठावर जावं लागतं.

संस्कृतात 'सिंधु' म्हणजे नुसती नदी. पुढे एका मोठ्या नदीचं ते विशेषनाम झालं. नदीपलीकडच्या इराणी भाषांची एक खोड होती: आपला 'स' त्यांच्या तोंडी 'ह' व्हायचा. सोमाचं हओम, असुराचं अहुर, सप्तसिंधूचं 'हप्त हेंदु'. हे शेवटचं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात आहे. असा बदल काही जगावेगळा नाही. सुरतेकडची माणसं आपल्या गावाला 'हुरत' म्हणतात ते आपण ऐकलेलं असतं. इराणी 'ह'चा पुरावा तर आपल्या घरातच आहे. गावात सात दिवस कीर्तनं चालतात तो 'सप्ताह', आणि बँक दर महिन्याला कापते तो 'हप्ता'. दोघांच्याही मुळाशी 'सात' आहे. एक शब्द संस्कृतातून सरळ आला, दुसरा फारसीतून वळसा घालून. पोरगा घर सोडून इराणला गेला आणि कर्जवसुली अधिकारी होऊन परतला, असंच म्हणा ना!

इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या शेवटी इराणचा सम्राट पहिला दारियस याने सिंधूचं खोरं जिंकलं. आपल्या ताब्यातल्या मुलखांची नावं तो खडकांवर कोरून ठेवायचा. पर्सेपोलिसजवळच्या नक्श-ए-रुस्तममधल्या त्याच्या थडग्यावरच्या यादीत आपल्याकडचा प्रांत आहे: 'हिंदुश'. मात्र प्राचीन फारसीच्या कीलाकार लिपीत तो अक्षरश: वाचला तर 'हिदुश' दिसतो. व्यंजनाच्या आधी येणारा 'न' लिहायचाच नाही, अशी त्या लिपीची रीत होती. मराठीत अनुस्वाराचा ठिपका द्यायला विसरावं, तसं. पण 'न' उच्चारला जात होता याची खात्री आहे, कारण त्याच लेखाच्या एलामी भाषेतल्या आवृत्तीत तो चांगला ठळक आहे.

हा 'न' लक्षात ठेवायचा. पुढची सगळी गंमत त्याच्यात आहे.

इराणी साम्राज्यात अनेक भाषांचे लोक होते आणि प्रत्येकाने 'हिंदु' आपापल्या कानाने ऐकला. साम्राज्याच्या पश्चिम टोकाच्या आयोनियन ग्रीकांना शब्दारंभीचा 'ह' जड जायचा. त्यांनी तो टाकला, उरलं 'इंदोस', आणि त्यातून लॅटिनमार्गे 'इंडिया'. अरबांनी 'ह' आणि 'न' दोन्ही सांभाळले: 'हिंद'. हिब्रूने 'ह' ठेवला आणि 'न' गिळला.

म्हणजे नक्की काय केलं? हिब्रूत स्वर नसलेल्या 'न'ला पुढच्या व्यंजनात विरघळून जायची सवय आहे. तो नाहीसा होतो, पण जाताना पुढच्या व्यंजनाला द्वित्त, म्हणजे दुप्पट, करून जातो. सख्खी चुलत बहीण असलेल्या अरबीशी ताडून पाहिलं की लगेच दिसतं. अरबीत 'तू' म्हणजे 'अंता', हिब्रूत 'अत्ता'. अरबीत मुलगी 'बिंत', हिब्रूत 'बत'. याच न्यायाने नावातल्या 'न्द'चा 'द्द' झाला आणि देश 'होद्दू' ठरला. पुढे आधुनिक बोलीत द्वित्तही सैल पडलं: होदू. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. 'सप्त'चं प्राकृतात 'सत्त' झालं आणि मराठीत 'सात'. 'दुग्ध'चं 'दुद्ध', मग 'दूध'. आधी शेजारच्या व्यंजनात मिसळायचं, मग जोडाक्षर सोडून द्यायचं. हिब्रूने 'हिंदु'ला जी वागणूक दिली तीच आपण शेकडो संस्कृत शब्दांना दिली आहे.

संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये हे नाव फक्त दोनदा येतं, दोन्ही वेळा एस्तेरच्या पुस्तकात. पहिल्याच वाक्यात राजा अहश्वेरोश 'मेहोद्दू वे-अद कूश', म्हणजे होदूपासून कूशपर्यंत 127 प्रांतांवर राज्य करत होता, असं म्हटलंय. हा राजा म्हणजे दारियसचा मुलगा झर्कसीस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हा शब्द छापील पोथीत जरा जवळून पाहण्यासारखा आहे. उजवीकडून डावीकडे तीन अक्षरं: हे, दालेत, वाव. आणि तीन ठिपके. 'हे'च्या माथ्यावरचा ठिपका 'ओ' सांगतो. 'वाव'च्या पोटातला 'ऊ' सांगतो. मधल्या 'दालेत'च्या पोटात एक ठिपका आहे, तो द्वित्ताचा. या ठिपक्याच्या जागी एके काळी 'न' होता! हे ठिपके मूळ लेखकांचे नव्हेत. पाठशुद्धीला वाहून घेतलेल्या मासोरा पंडितांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ते जोडले. त्यांना सिंधू नदीशी देणंघेणं नव्हतं. परंपरेने जसं वाचलं जायचं तसं त्यांनी टिपलं, आणि त्या नादात इराणी नावाचा गिळलेला अनुनासिक हजाराहून जास्त वर्षांनी जेमतेम दिसणाऱ्या टिंबात अडकून राहिला.

वाक्यातला 'कूश' म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा, आजच्या सुदानकडचा प्रदेश. आपल्याला पटकन हिंदुकुश आठवतो, पण त्या पर्वताचा इथे संबंध नाही. गोंधळणारे आपण पहिले नव्हे. तिसऱ्या शतकातले बॅबिलोनियातले दोन विद्वान, राव आणि श्मुएल, यांच्यात यावर मतभेद असल्याची नोंद ताल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे. एकाच्या मते होदू जगाच्या एका टोकाला आणि कूश दुसऱ्या टोकाला. दुसऱ्याच्या मते दोन्ही चक्क शेजारी, आणि त्या दोघांवर जशी सत्ता तशीच साऱ्या जगावर, असा वाक्याचा रोख. नकाशा नसेल तर दूरदेशाचं नाव असंच हवेत तरंगतं.

माल मात्र नावापेक्षा आधी आणि जास्त भरवशाने पोचतो. एस्तेरच्या त्याच अध्यायात पाच वाक्यं पुढे राजवाड्यातल्या मेजवानीचं वर्णन आहे, आणि पडद्यांच्या कापडांत एक शब्द येतो: 'कर्पास'. हा आपला 'कार्पास', म्हणजे कापूस. देशाचं नाव आणि देशाचं पीक एकाच पानावर, आणि दोन्ही इराणच्या वाटेने आलेली. काळ्या मिरीला हिब्रूत म्हणतात 'पिलपेल', तो शब्द मुळात आपली 'पिंपळी'. इसवी सन 200च्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात जेरुसलेमचा प्रमुख पुरोहित प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी जी वस्त्रं नेसायचा त्यांना 'हिंदुयिन' म्हटलंय, आणि एका मताप्रमाणे किंमत दिली आहे 800 झूझ, म्हणजे 800 चांदीची नाणी. या शब्दात 'न' शाबूत आहे, बरं का. पोथीतला देश 'होद्दू' आणि बाजारातलं कापड 'हिंदुयिन': एकच नाव दोन वेळा, दोन वेगळ्या तोंडांतून हिब्रूत शिरलं.

आता 'आभार माना'. हा 'होदू' अस्सल हिब्रू क्रियापदाचं आज्ञार्थी अनेकवचन आहे, आणि स्तोत्रसंहितेतलं 136वं स्तोत्र त्यानेच सुरू होतं. ज्यूंना ज्या नावाने ओळखतात तो 'येहुदी' शब्दही बायबलच्या कथेनुसार याच धातूशी जोडलेला: याकोबाची बायको लेआ हिला चौथा मुलगा झाला तेव्हा 'आता मी देवाचे आभार मानीन' म्हणून तिने त्याचं नाव येहुदा ठेवलं. देशाच्या नावाशी या धातूचं काडीचंही नातं नाही. जुन्या पोथीत दोन्ही शब्द वेगळे ओळखू येतात, कारण आभाराच्या 'दालेत'मध्ये तो ठिपका नाही. पण आजच्या हिब्रूत ठिपके सहसा लिहीत नाहीत, देशाच्या नावातही जादा 'वाव' घालतात, आणि दोन्ही शब्द हुबेहूब एकसारखे दिसतात. मग 'ज्या देशाच्या नावातच आभार आहेत' अशी वाक्यं भाषणांतून ऐकू येतात. व्युत्पत्ती म्हणून चूक, पण ऐकायला कुणाला वाईट वाटेल?

चीनमध्येही हेच झालं. तिकडे सुरुवातीचं नाव होतं 'शेंदू'. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात झांग छ्येन या राजदूताने बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाकडे, ते ऐकलं. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने जुनी रूपं बाजूला सारून 'यिंदू' हे योग्य ठरवलं, आणि त्याचा अर्थ दिला चंद्र! इंदु म्हणजे चंद्र, हे त्याचं संस्कृत बरोबरच होतं. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रापर्यंत फिरून गेलेल्या या बहुश्रुत माणसालाही नावात नदी दिसली नाही, चंद्र दिसला. मला यात चूक कमी आणि भाषेचा स्वभाव जास्त दिसतो. नाव प्रवासाला निघालं की अर्थ घरी राहतो आणि नुसता आवाज पुढे जातो. रिकामं भांडं दिसलं की प्रत्येक भाषा त्यात आपल्याकडचं काहीतरी ओतते.

राहिला पक्षी. टर्की मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात आणला तेव्हा अमेरिकेला 'इंडीज' म्हणायची पद्धत होती, आणि दूरचं जे जे काही ते भारताकडचं, असाही एक समज होता. फ्रेंचांनी त्याला 'भारताचा कोंबडा' म्हटलं, त्याचं आजचं रूप 'दँद'. पोलिश 'इंदिक', रशियन 'इंद्यूक', यिद्दिश 'इंदिक', तुर्की 'हिंदी'. डच लोक तर गावापर्यंत पोचले: 'काल्कून', म्हणजे कालिकतचा. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला, पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात (फळ नव्हे, देश). मेक्सिकोचं नाव कुणीच घेतलं नाही. आधुनिक हिब्रूने युरोपाचंच पाहून 'तर्नगोल होदू', म्हणजे भारताचा कोंबडा, असं नाव घेतलं आणि रोजच्या बोलण्यात त्याचा नुसता 'होदू' झाला. अमेरिकेत आभार मानायच्या सणाला टर्कीच खातात, हा हिब्रू बोलणाऱ्यांसाठी दरवर्षीचा फुकटचा विनोद.

आणि खुद्द भारतात? 1612 साली जहांगीर बादशहाने मुकर्रब खानाला दुर्मीळ वस्तू आणायला गोव्याला पाठवलं. पोर्तुगीजांकडून त्याने जे प्राणी आणले त्यात एक टर्की होता. जहांगीरने आठवणींत लिहिलंय की हे प्राणी त्याने कधी पाहिले नव्हते आणि त्यांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती. मग तो त्या पक्ष्याचं वर्णन करत बसतो: मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो, माजावर आला की डोकं आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने तीच जागा कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अर्ध्या युरोपात जो 'भारताचा पक्षी' म्हणून ताटात येत होता, त्याचं नाव हिंदुस्थानच्या बादशहाला माहीत नव्हतं!

कोलंबसाने घातलेला घोळ हिब्रूने मात्र छान सोडवला आहे. भारतातला माणूस 'होदी', अमेरिकेतला मूलनिवासी 'इंदियानी'. इंग्रजीत दोघांना एकाच शब्दाचं ओझं आहे. हिब्रूकडे सिंधूची दोन नातवंडं होती, तिने दोघांना दोन कामं वाटून दिली.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांशी हे नाव वेगळ्याच रीतीने येऊन भिडतं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली', आणि आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. ज्या पुरिम सणाला एस्तेरची पोथी वाचतात त्याला ते 'होळीचा सण' म्हणत, कारण तो फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे येतो. 1832 साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. 1874मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाची हग्गादा पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली.

पुढे त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत आजही म्हातारी माणसं आपसात मराठी बोलतात. तिथे कुणी विचारलं, 'कुठले तुम्ही?' तर हिब्रूत एका शब्दाचं उत्तर पुरतं: 'मेहोदू'. होदूहून. एस्तेरच्या पहिल्या वाक्यात हाच शब्द आहे, फक्त त्यात एक ठिपका जास्त.