संरक्षित निवासातील अनुपस्थिती (ब्रिटन)

वृद्ध भाडेकरूने संरक्षित निवासातील आपल्या घरापासून किती काळ दूर राहावे, त्याची वर्दी कोणाला द्यावी आणि दूर राहिल्याने घरावरचा हक्क केव्हा जातो, यासंबंधीचे नियम. संरक्षित निवास (शेल्टर्ड हाउसिंग) हा वृद्धाश्रम नव्हे. स्वतःचे दार, स्वतःची चूल आणि स्वतःचे भाडे असलेला तो संसार असतो. फक्त न्हाणीघरात मदतीसाठी ओढायची लाल दोरी असते आणि आवारात एक व्यवस्थापक, ज्याला पूर्वी वॉर्डन म्हणत.

या नियमांचा उगम नक्की सांगता येत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधील दानगृहांच्या (आम्सहाउस) नियमावल्यांत रहिवाशाने देणगीदाराच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थनेला हजर राहावे अशी अट असे आणि गैरहजेरीबद्दल साप्ताहिक भत्ता कापला जाई. विंचेस्टरचे सेंट क्रॉस हे यांपैकी जुने दानगृह. त्याची स्थापना सामान्यतः ११३२ ते ११३६ च्या दरम्यानची धरतात. आजचा नियम या परंपरेतून आला असे म्हणणे आकर्षक असले, तरी दोन्हींचा हेतू वेगळा आहे. दानगृहातील रहिवासी आजही कायद्याने भाडेकरू नसून अनुज्ञाधारक (केवळ राहण्याची परवानगी असलेला) आहे, हे अपील न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत, सार्वजनिक घर रिकामे पडू नये या काळजीतून नियम घडला, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. पहिले संरक्षित निवास १९४८ च्या सुमारास डॉर्सेटमध्ये उभे राहिल्याचे सांगतात. गृहनिर्माण मंत्रालयाच्या १९६९ च्या परिपत्रकाने त्याला ठरीव रूप दिले.

कायद्यातील कळीचे शब्द ‘एकमेव किंवा मुख्य घर’ हे आहेत. नगरपालिकेच्या भाडेकरूंना १९८० मध्ये वैधानिक संरक्षण मिळाले. आता इंग्लंडमध्ये त्यांना १९८५ चा आणि गृहनिर्माण संस्थांच्या बहुतेक भाडेकरूंना १९८८ चा गृहनिर्माण कायदा लागू आहे. दोन्हींत संरक्षण या अटीवर टिकते, पण किती दिवसांनी घर मुख्य राहत नाही, हे एकाही कायद्यात लिहिलेले नाही. ती पोकळी न्यायालयांनी भरली. या कायद्यांच्याही आधीच्या, १९४८ च्या एका निकालात न्या. अस्क्विथ यांनी दोन गोष्टी मागितल्या: परतण्याचा मनोमन इरादा आणि त्याची घरातली दृश्य खूण, म्हणजे सामान किंवा घर राखणारे माणूस. तुरुंगात गेलेल्या त्या भाडेकरूचे बहुतेक सामान जोडीदारीण घेऊन गेली आणि हक्क गेला. उलट क्रॉली पालिकेच्या १९८८ च्या खटल्यात भाडेकरू वर्षाहून अधिक काळ दुसरीकडे राहत होता, वीज तोडलेली होती, तरी घर त्याचेच ठरले. लंडनमधील इस्लिंग्टन पालिकेच्या २०११ च्या निकालात न्या. एथर्टन यांनी सूत्रे एकत्र मांडली: अनुपस्थिती लांबली की सिद्ध करण्याचा भार भाडेकरूवर येतो, इरादा खरा हवा आणि वाजवी काळात परतणे व्यवहारात शक्य हवे.

वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल लंडनमधील हॅमरस्मिथ आणि फुलहॅम पालिकेचा (२००१ मध्ये वृत्तांकित). शुश्रूषागृहात असलेल्या वृद्धेने आपण आता तिथेच राहणार अशा आशयाच्या चिठ्ठीवर सही केली आणि पालिकेने घर सोडण्याची नोटीस बजावली. आजारी, वयोवृद्ध माणसाचे मन दिवसागणिक वरखाली होते, म्हणून क्षणिक बोलणे न धरता टिकून राहिलेली इच्छा पाहावी, असे न्यायालयाने म्हटले. नियमाचा खरा गाभा हाच मानला पाहिजे. इस्पितळातून आई परतणार नाही असे समजून मुलाने कार्यालयात किल्ल्या नेऊन दिल्या, तरी तेवढ्याने घर सुटत नाही. भाडेकरूचा स्वतःचा किंवा त्याच्या वतीने कायदेशीर अधिकार असलेल्याचा निर्णय लागतो.

स्कॉटलंड व वेल्समध्ये घर सोडून दिल्याचे वाटल्यास मालकाने आधी चार आठवड्यांची सूचना द्यावी लागते.

भाडे सरकारी गृहभत्त्यातून (हाउसिंग बेनिफिट) भरले जात असेल, तर वेगळी मोजणी लागते. ब्रिटनमध्येच दूर असल्यास साधारणतः १३ आठवडे, इस्पितळात असल्यास ५२ आठवड्यांपर्यंत, आणि वृद्धाश्रम मानवतो का ते पाहायला गेल्यास १३ आठवडे भत्ता चालतो. परदेशी जाण्याची मुदत २८ जुलै २०१६ पासून १३ वरून ४ आठवड्यांवर आली. जवळच्या नातलगाचा मृत्यू झाल्यास ८, वैद्यकीय उपचारांसाठी २६. मुक्काम मुदतीपेक्षा लांबणार हे निघतानाच ठरलेले असेल, तर भत्ता पहिल्या दिवसापासून थांबतो. लंडन-लेस्टरकडच्या मराठी आजी-आजोबांना हे आधी सांगायला हवे: पुण्यातल्या लग्नासाठी सहा आठवड्यांचे परतीचे तिकीट काढले, तर चार आठवड्यांचेही भाडे पदरचे भरावे लागू शकते.

भाडेकराराची अट बहुधा सोपी असते: चार आठवड्यांहून जास्त जायचे तर कळवावे. संरक्षित निवासात मात्र एका रात्रीसाठीही सांगून जाण्याची रीत आहे. सकाळी व्यवस्थापक इंटरकॉमवरून विचारपूस करतो. उत्तर आले नाही तर दार ठोठावतो, मग राखीव किल्लीने आत शिरतो. काही ठिकाणी रहिवासी उठल्यावर दाराच्या मुठीला पाटी अडकवतात आणि ती दुपारपर्यंत दिसली नाही की शेजारीच हाक मारतात. जाताना प्रवेशद्वारापाशच्या वहीत नाव, तारीख आणि संपर्काचा फोन लिहितात. आग लागल्यास आत कोण आहे हे बंबवाल्यांना त्या वहीवरून कळू शकते.