तीन किलोचं बाहुलं

एक सोललेला नारळ जुन्या टॉवेलात गुंडाळायचा. हे डोकं. उशीच्या अभ्र्यात सव्वादोन-अडीच किलो उकडे तांदूळ भरून तोंड शिवायचं. हे धड. दोन्ही जोडताना मान मुद्दाम ढिली ठेवायची, दोन बोटं सैल. सगळं मिळून वजन तीन किलोच्या आसपास भरतं, नवजात बाळाएवढं. हे बाहुलं हातात दिलं की दिवसभर दहा चाकी ट्रक चालवणारा माणूसही गांगरतो. उचलताक्षणी नारळ मागे कलंडतो. मग एक तळवा मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, कोपरं अंगाशी, अशी जुळवाजुळव सुरू होते आणि सात-आठ वेळा उचलून ठेवलं की हात आपोआप बरोबर जागी जातात. दुकानातली प्लास्टिकची बाहुली या कामाची नाही. ती हलकी असते, मान ताठ असते, त्यामुळे चूक झाली तरी कळत नाही.

गावात नव्या बापांचा, बाळाचं करायला शिकवणारा गट बांधायचा तर त्याची पहिली बैठक या बाहुल्यापासून सुरू करावी. ‘वडिलांची जबाबदारी’ या विषयावरचं भाषण ऐकून कोणी बाळाला न्हाऊ घालायला शिकलेलं नाही. बापपण हातांतून येतं आणि त्यासाठी तास मोजावे लागतात, हे आता प्रयोगशाळेतूनही दिसू लागलं आहे.

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या 624 तरुणांची टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी साडेचार वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली गेली. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती, तेच पुढे लग्न करून बाप होण्याची शक्यता अधिक होती. पण बाप झाल्यावर त्यांचीच पातळी सर्वांत जास्त उतरली: सकाळची सुमारे 26 टक्के, संध्याकाळची 34 टक्के. दिवसातले तीन तास किंवा अधिक बाळाचं करणाऱ्यांमध्ये ती आणखी कमी आढळली. बैठकीत हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे पुरुषपण जातं का?’ जात नाही. हा आजार नाही, बाळाच्या संगतीत शरीराने केलेली फेरजुळणी आहे. ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक म्हणून ओळखलं जातं. इस्राएलमधल्या संशोधकांना पहिल्या सहा महिन्यांत ते वडिलांमध्ये आईइतकंच आढळलं. आईत ते कुरवाळण्या-बोलण्याशी जोडलेलं दिसलं, वडिलांत खेळवण्याशी. त्याच गटाने 2014 मध्ये मेंदूची चित्रं तपासली, तेव्हा बाळाची मुख्य जबाबदारी घेणाऱ्या वडिलांच्या मेंदूतलं भावना आणि सावधपणाचं जाळं आईसारखं सक्रिय होतं. आणि जितका वेळ बाळाबरोबर, तितकी मेंदूतल्या दोन संबंधित भागांची जोडणी घट्ट.

इथे आपल्या रीतीशी गाठ पडते. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतीण दोन-तीन महिने तिकडे, बाळाला न्हाऊ-माखू घालायला अनुभवी बाई, आणि जावई रविवारी जेवायला येणारा पाहुणा. त्याला बाळ हातात मिळतं ते फोटोपुरतं. ज्या आठवड्यांत शरीर आणि मेंदू शिकायला तयार असतात, नेमके तेच निसटतात. माहेरची रीत मोडा असं सांगण्याची गरज नाही, त्या विश्रांतीत बाळंतिणीचं भलं आहे. पण गोवा लहान आहे. पेडण्यातल्या माणसाची सासुरवाडी डिचोलीला असली, तरी कामावरून सुटल्यावर जाता येतं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीचं न्हाण एवढं सासूबाईंशी आधीच बोलून ठेवायचं. आधीच म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात. बाळ आल्यावर कोणाला बोलायला वेळ नसतो.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर बापाला थेट कामच आहे. कांगारू पद्धतीची सुरुवात कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी रोज 8 ते 24 तास त्वचेला त्वचा लावून धरायला सांगते. एकट्या बाळंतिणीला, त्यातही सिझेरियन झालेलीला, हे झेपणं कठीण. बापाने अंघोळ करून, शर्ट काढून, मागे रेललेल्या खुर्चीत बसायचं. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. ते उभं, छातीच्या मधोमध, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून सुती पंचा घट्ट बांधायचा, चेहरा उघडा. एका वेळी निदान एक तास, कारण दर दहा मिनिटांनी काढ-घाल केली तर बाळ दमतं. छातीवर केस असले तरी काही बिघडत नाही. डुलकी येऊ लागली तर बाळ दुसऱ्याकडे द्यायचं. सोफ्यावर बाळासकट झोपणं धोक्याचं आहे.

आता गट कसा बांधायचा. सर्वांत आधी काळ-वेळ, कारण गोव्यात बहुतेक बैठका इथेच बुडतात. अंगणवाडीची वेळ सकाळची, आणि बाप तेव्हा हॉटेलात, गोदीत किंवा मोपाच्या विमानतळावर भाडं घेऊन. किनारपट्टीच्या वाड्यांवर 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी सोन्यासारखी आहे: 61 दिवस ट्रॉलर धक्क्याला असतात आणि शॅकही, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहं, आवरलेले असतात. तिथे गट जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून आठवड्याला दोन बैठका घ्याव्यात. सत्तरी-डिचोलीकडे रविवारची संध्याकाळ बरी, ग्रामसभेचा आणि फुटबॉलच्या सामन्याचा रविवार सोडून. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शिगम्याचा काळ कोरा ठेवावा. तेव्हा कोणी येणार नाही आणि येऊही नये.

जागा देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग किंवा क्लबची खोली. पंचायतीचं सभागृह शक्यतो नको. तिथे खुर्च्या रांगेत लागतात, मंच असतो, मंचावर कोणीतरी चढतं, समई पेटते आणि पाऊण तास सत्कारात जातो. खाली सतरंजी, गोल बसणं, दहा-बारा बाप, दीड ते दोन तास, चहा मध्यावर. चहा शेवटी ठेवला तर गप्पा चहाबरोबर संपतात. मध्यावर ठेवला तर खरे प्रश्न कप हातात असताना निघतात. चालवणारे दोघे हवेत: एक गावातलाच बाप, शक्यतो ज्याचं मूल दोन-तीन वर्षांचं आहे, आणि दुसरी उपकेंद्राची नर्सबाई किंवा अंगणवाडी सेविका. भजनी मंडळाचा पेटीवाला हा पहिल्या भूमिकेला अनेकदा उत्तम माणूस ठरतो. त्याला वेळेवर यायची आणि दुसऱ्याला पुढे करायची सवय असते.

एकाच मेळाव्याने काम होत नाही, याला पुरावा आहे. कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नाच्या 289 कुटुंबांचे तीन गट केले होते. एकाला एकदाच माहितीची बैठक, दुसऱ्याला फक्त वडिलांसाठी 16 आठवड्यांचा गट, तिसऱ्याला जोडप्यांसाठी तेवढाच. एकदाच भेटलेल्यांमध्ये फारसं काही बदललं नाही. दोन्ही लांब गटांत बापाचा मुलांमधला सहभाग वाढला, पण पालकपणाचा ताण उतरला आणि नवरा-बायकोतलं समाधान टिकलं ते जोडप्यांच्या गटात. रवांडामधल्या ‘बांदेबेरेहो’ कार्यक्रमात 15 बैठका होत्या, पैकी 8 बायकोसह, आणि चालवणारे गावातलेच प्रशिक्षित बाप. 1,199 जोडप्यांच्या चाचणीत 21 महिन्यांनंतर बायकांवरची मारहाण लक्षणीय कमी दिसली, वडील गरोदरपणाच्या तपासणीला जास्त जाऊ लागले, घरकामातला वाटा वाढला. म्हणून आपल्याकडे बारा बैठका धराव्यात आणि तिसऱ्यापासून दर दुसऱ्या बैठकीला जोडीने बोलवावं. ज्या घरात मारहाण चालू आहे तिथे मात्र जोडीने बसवणं चुकीचं: बाई बैठकीत जे बोलेल त्याचा हिशोब घरी होतो. त्यासाठी सुरुवातीलाच नर्सबाईने प्रत्येकीशी एकटीशी बोलून घ्यायचं आणि 181 हा महिला मदत क्रमांक हातात द्यायचा.

बायकांना बोलवण्याचं आणखी एक कारण आहे. बापाने लंगोट बांधला की मागून आवाज येतो, ‘असा नाही हो, सरा बाजूला.’ आई, सासू, आजी सगळ्याच सराईत, त्यामुळे नवखा माणूस दोन प्रयत्नांत हात झटकून ओट्यावर जाऊन बसतो. उपाय सोपा आणि थोडा कठोर: आठवड्यातून एकदा तीन तास बाळ फक्त बापाकडे. बाळंतिणीने झोपावं किंवा देवदर्शनाला जावं, आजीने शेजारच्या घरी. लंगोट वाकडा राहील, राहू दे. रात्रीचंही असंच. नवाच्या सुमाराला बाळ अंगावर पिऊन झालं की बाप त्याला दुसऱ्या खोलीत नेतो, ढेकर काढतो, झोपवतो आणि भूक लागल्यावरच आणतो. आईला सलग अडीच-तीन तास झोप मिळते, आणि ओल्या बाळंतिणीला त्याचं मोल औषधाएवढं आहे. सप्ताहात रात्रभर अखंड भजनाच्या पाळ्या लावणाऱ्या गावाला घरातली एक पाळी लावणं जड नाही.

चौथ्या बैठकीनंतर गळती लागते, कारण नवलाई संपलेली असते. म्हणून तिथे रडण्याचा विषय ठेवावा, त्याची गरज प्रत्येकाला असते. बाळाचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं (दिवसाला दोन-तीन तासही) आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. हा आलेख फळ्यावर काढला तरी अर्धी भीती जाते. मग क्रम: भूक, ओलं, गरम होतंय का, गॅस, झोप. सगळं पाहूनही थांबत नसेल तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं अंगणात जायचं आणि परत येऊन पाहायचं. रागाच्या भरात बाळाला गदगदा हलवणं जीवघेणं ठरू शकतं: मान लुळी, डोकं जड, मेंदू कवटीत आपटतो, शिरा तुटतात. नारळाचं बाहुलं इथे पुन्हा बाहेर काढायचं. ते एकदा हलवून दाखवलं की समजावायला फार काही उरत नाही. ताप, उलट्या, दूध न पिणं किंवा नेहमीपेक्षा वेगळा चिरका आवाज असेल तर मात्र अंगणात नव्हे, आरोग्य केंद्रात.

आठव्या बैठकीला बापाचं मन. 43 अभ्यासांच्या 2010 मधल्या एकत्रित पाहणीत बाळाच्या आगमनाच्या काळात सुमारे 10 टक्के वडिलांत नैराश्य आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सर्वांत जास्त होतं. पुरुषात ते रडण्यातून क्वचित दिसतं. चिडचिड, उशिरा घरी येणं, वाढलेली दारू, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणं, ही त्याची रूपं. नैराश्य ओळखायला मातांसाठी वापरली जाणारी एडिनबरा प्रश्नावली, दहा प्रश्नांची, वडिलांसाठीही चालते, फक्त धोक्याचा आकडा थोडा खाली धरतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून काहीही आलं, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये बैठकीतच टाकून घ्यावा.

गोव्याला याबाबत बाहेरून शिकण्याची फारशी गरज नाही. म्हापशातल्या इस्पितळात झालेल्या अभ्यासात (2002 मध्ये प्रसिद्ध) बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांत नैराश्य आढळलं होतं, आणि त्यामागच्या कारणांत नवऱ्याशी बिघडलेले संबंध ठळक होते. पुढच्या अभ्यासात अशा मातांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वाढीत मागे पडलेली दिसली. दारूबद्दलही काम इथेच झालं आहे. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी, मागच्या 14 दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचं प्रमाण 42 टक्के, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 18. म्हणजे बापांच्या गटाने दारूसोबत झगडायचं नाही, वाट दाखवायची. गटाचं नाव मात्र चुकूनही दारूमुक्तीशी जोडू नये. त्या फलकाखाली बसलेला माणूस गावात लगेच ओळखला जातो.

बोटीवर किंवा आखातात असलेल्यांसाठी बैठक फोनवरच. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पडद्यापासून दूर ठेवलेलं बरं, पण बापाशी समोरासमोर बोलणं त्यातून वगळता येतं. पाच-दहा मिनिटं पुरे, आई बाळाला मांडीवर घेऊन बाजूला, आणि बापाने प्रश्न विचारण्यापेक्षा रुमालाआड लपून ‘बुवा कुक’ करावं. जहाजावर नेट मिळत नाही तेव्हासाठी निघण्यापूर्वी अंगाई, नावाने मारलेली हाक आणि दोन गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. रोज झोपण्याच्या वेळी तीच लावायची. परतल्यावर बाळ ओळखत नाही, रडतं. सातव्या-आठव्या महिन्यानंतर परक्याची भीती ही वाढीची खूण आहे, रुसवा नव्हे. पहिले दोन दिवस आईच्या शेजारी बसून बोलायचं, बाळ आपणहून हात पुढे करेपर्यंत उचलायचं नाही.

पंधरा दिवसांची पितृत्व रजा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आहे. खासगी नोकरीत ती सक्तीची करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. हॉटेल चालवणाऱ्याशी गटानेच बोलावं: पूर्ण रजा नको, पहिल्या महिन्यात रात्रपाळी बदलून द्या. ऐन हंगामातही एवढी मागणी मान्य होण्यासारखी असते.

हजेरीवरून काही कळत नाही. सुरुवातीला, बाराव्या बैठकीला आणि त्यानंतर सहा महिन्यांनी एकेक कागद भरून घ्यावा. त्यावर 24 चौकटी, कालच्या दिवसाच्या तासांच्या. ज्या तासात बाळ एकट्या बापाकडे होतं तिथे भरीव टिंब, दोघं मिळून असतील तिथे पोकळ, घरात असूनही बाळ दुसऱ्याकडे असेल तर रेघ. तसाच एक कागद बायकोने वेगळ्या खोलीत भरायचा. पहिल्या वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवले की त्याची टिंबं तिच्यापेक्षा बरीच जास्त निघतात. फरकाचा आकडा वहीत लिहून ठेवायचा, कोणाचा कागद खरा यावर बैठकीत वाद घालायचा नाही.