टक्केवारीचा वाद : क्लस्टर बॉम्बबंदीची पार्श्वभूमी

जुलै २०२३ मध्ये युक्रेनला क्लस्टर तोफगोळे, म्हणजे हवेत उघडून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारे गोळे, देण्याचा निर्णय अमेरिकेने जाहीर केला. त्यांतले २.३५ टक्क्यांपेक्षा जास्त छोटे बॉम्ब न फुटता पडून राहणार नाहीत, असा खुलासाही तेव्हा करण्यात आला. अशा टक्केवारीवरचा वाद मात्र बराच जुना आहे.

१९४३ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीवर असे बॉम्ब पडले आणि हल्ला संपल्यावरही माणसे मरत राहिली. लाओसमध्ये १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब टाकले गेले. त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. टेनिसच्या चेंडूएवढे हे गोळे आजही कुदळीला लागतात. जमिनीत पुरलेल्या बॉम्बवर कुणी नकळत चूल मांडली, तर तेवढ्या उष्णतेनेही तो फुटू शकतो. २००१ मध्ये अफगाणिस्तानात विमानांतून टाकलेली अन्नाची पाकिटे पिवळी होती आणि छोटे बॉम्बही पिवळेच. पाकिटांचा रंग बदलायचे ठरले ते मोहीम सुरू झाल्यावर.

बॉम्ब फुटत का नाहीत, याचे उत्तर फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या यंत्रणेत आहे. तोफेच्या नेहमीच्या १५५ मिमी गोळ्यात ७२ किंवा ८८ छोटे बॉम्ब असतात आणि प्रत्येकाला एक फीत असते. गोळा हवेत उघडला की फीत उलगडते, बॉम्बला सरळ धरते आणि सुईचा स्क्रू सैल करते. मग आतली सरकपट्टी डिटोनेटरला, म्हणजे मुख्य स्फोट घडवणाऱ्या छोट्या स्फोटकाला, सुईखाली आणते. जमिनीवर आदळताच सुई डिटोनेटरमध्ये घुसते. पण चिखल, बर्फ किंवा दाट गवत असेल तर आदळण्याचा जोर कमी पडतो. फांद्यांत फीत अडकली तर बॉम्ब आडवा पडतो. अशा वेळी सुई आणि डिटोनेटर समोरासमोर येऊन थांबलेले असतात. एखादे मूल नेमकी ती फीतच धरून बॉम्ब उचलते.

चाचण्या मात्र बहुधा सपाट, कठीण जमिनीवर होतात आणि तिथली टक्केवारी युद्धभूमीलाही लावली जाते. शिवाय टक्का कमी दिसला तरी संख्या कमी नसते. एका रॉकेटमध्ये ६४४ छोटे बॉम्ब आणि लाँचरच्या एका फैरीत अशी १२ रॉकेट, म्हणजे ७,७२८ बॉम्ब. त्यांतले १ टक्का न फुटले तरी ७७ उरतात आणि १० टक्के न फुटले तर ७७३. गावकऱ्याला टक्क्याशी काय करायचे? त्याच्या शेतात किती पडलेत, एवढेच त्याच्या कामाचे.

क्लस्टर बॉम्बवरील बंदीच्या वाटाघाटींत काही देशांना स्वयंनाश यंत्रणेच्या, म्हणजे आदळून न फुटल्यास आपोआप फुटणाऱ्या बॉम्बना सूट हवी होती. चाचण्यांत ते एक-दोन टक्केच न फुटता राहत होते. पण २००६ च्या इस्रायल-हिजबुल्ला युद्धात दक्षिण लेबनॉनमध्ये हेच बॉम्ब सुमारे १० टक्के न फुटता राहिल्याचे जागेवरच्या पाहणीत आढळले. त्या युद्धातला क्लस्टरचा बहुतेक मारा शेवटच्या ७२ तासांत झाला होता. घरी परतणाऱ्यांना बागांत, छपरांवर, लिंबू-संत्र्यांच्या फांद्यांवर बॉम्ब सापडले.

म्हणूनच ३० मे २००८ रोजी डब्लिनमध्ये मंजूर झालेल्या करारात टक्केवारीचा निकष नाही. सूट हवी असेल तर पाच अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात : दहापेक्षा कमी छोटे बॉम्ब, प्रत्येकाचे वजन ४ किलोपेक्षा जास्त, एकच लक्ष्य हेरून त्यावरच मारा, इलेक्ट्रॉनिक स्वयंनाश आणि इलेक्ट्रॉनिक निष्क्रियता (न फुटलेला बॉम्ब आपोआप निरुपयोगी होणे). करारातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. कराराबाहेरच्या देशांबरोबर संयुक्त लष्करी मोहिमांना मुभा देणारे कलम २१ मात्र पळवाटच राहिले.

करार १ ऑगस्ट २०१० रोजी लागू झाला. साठे नष्ट करायला आठ वर्षे आणि जमीन साफ करायला दहा वर्षे अशी मुदत ठरली. लिथुआनिया मार्च २०२५ मध्ये करारातून बाहेर पडला. लाओसला सफाईसाठी मुदतवाढ घ्यावी लागली आहे. तिथे अजूनही पट्ट्यापट्ट्याने धातुशोधक फिरवतात आणि बॉम्ब सापडला की तो न हलवता, शेजारी स्फोटक ठेवून जागेवरच उडवतात.