ऑफसाइडचा अचूक निर्णय

फुटबॉलमध्ये ऑफसाइड ठरवताना कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन असलेल्या सहायक पंचाला दोन गोष्टी एकाच क्षणी टिपाव्या लागतात : पास देणाऱ्याचा पाय चेंडूला केव्हा लागला आणि नेमक्या त्या वेळी पुढचा खेळाडू कुठे होता. या दोन जागांमध्ये अनेकदा ३०-४० मीटरचे अंतर असते. पंचाला नियम पाठ असूनही निर्णय चुकतो तो यामुळे.

नियम ११ प्रमाणे ऑफसाइड स्थिती ठरण्यासाठी आक्रमकाच्या डोक्याचा, धडाचा किंवा पायाचा कोणताही भाग प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असावा लागतो आणि तो चेंडू व शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असावा लागतो. हात मोजत नाहीत. हात काखेच्या तळापासून सुरू होतो असे मानतात. शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत असलेला खेळाडू १९९० पासून ऑफसाइड धरला जात नाही. गोल किक, थ्रो-इन व कॉर्नरवरून थेट चेंडू मिळाल्यास ऑफसाइड नसतो.

‘शेवटून दुसरा’ म्हणजे शेवटचा बचावपटू, अशी सवय नजरेला लागते, कारण त्याच्या मागे बहुधा गोलरक्षक असतोच. गोलरक्षक पुढे धावून आला की हिशेब बदलतो. २०२२ च्या विश्वचषकातील कतार-एक्वादोर या सलामीच्या सामन्यात एनर वालेन्सियाचा सुरुवातीचा गोल रद्द झाला, तेव्हा असेच घडले होते. गोलरक्षक बाहेर आला होता, मागे एकच बचावपटू उरला होता आणि एक्वादोरच्या एका खेळाडूचा पाय पुढे होता. प्रेक्षकांना निर्णय चुकीचा वाटला. तो बरोबर होता.

एका ठिकाणाहून दुसरीकडे नजर वळवायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. आक्रमक सेकंदाला ८ मीटर वेगाने गोलकडे धावत असेल आणि बचावपटू ३ मीटर वेगाने उलट दिशेला सरकत असेल, तर तेवढ्यात त्यांच्यातील अंतर २.२ मीटरने बदलते. म्हणून सहायक पंच नजर बचावरेषेवरच ठेवतात. किक डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपतात किंवा तिचा आवाज ऐकतात. पण ४० मीटरवरचा आवाजही ०.१२ सेकंद उशिरा पोहोचतो, आणि भरल्या मैदानात तो ऐकूच येत नाही.

शिवाय क्षणिक घटनेच्या वेळी हलती वस्तू होती त्यापेक्षा पुढे गेलेली भासते. आक्रमक गोलकडे पुढे दिसतो, वर चढणारा बचावपटू मध्यरेषेकडे पुढे दिसतो. दोन्ही भास एकाच बाजूला झुकतात आणि झेंडा नाहक वर जातो.

चुकीचा दुसरा प्रकार भूमितीचा. पंच शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबर समांतर नसेल तर दृष्टिरेषा तिरकी होते. समजा, तो गोलकडे १ मीटर जास्त सरकला आहे आणि बचावपटू त्याच्यापासून मैदानात ३० मीटर आत आहे. मग ५० मीटरवरचा, प्रत्यक्षात बरोबरीत असलेला आक्रमक त्याला सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे दिसेल. उलट १० मीटरवरचा आक्रमक तेवढाच पुढे असूनही बरोबरीत वाटेल. पंच मागे राहिला तर चुकांच्या बाजू बदलतात. रेषेवर टिकण्यासाठी मैदानाकडे तोंड ठेवून आडव्या पावलांनी सरकतात. लांब पासवर मात्र वळून धावावेच लागते, आणि गफलत बहुधा तिथे होते.

व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून मुख्य पंचाला मदत करणाऱ्या पंचाने, ढोबळ चुका थांबवल्या. २०१० च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझचा गोल उघड ऑफसाइड असूनही ग्राह्य धरला गेला होता. तसे आता सहसा घडत नाही. बारीक फरकांचे कोडे मात्र सुटले नाही. सेकंदाला ५० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांत २० मिलिसेकंद जातात. वरच्याच वेगाने तेवढ्यात २२ सेंटिमीटरचा फरक पडतो. पाय चेंडूला पहिल्यांदा लागला तो क्षण या फटीत हरवू शकतो. त्यातच जर्सीखालचा खांदा नेमका कुठे संपतो हे माणूसच ठरवायचा. अशा चित्रावर बोटभर फरकाची रेष ओढणे म्हणजे अचूकतेचा देखावाच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१-२२ पासून जाड रेषा वापरून थोडी सवलत दिली, ती यामुळेच.

२०२२ च्या विश्वचषकात निम-स्वयंचलित पद्धत आली : छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंची सेकंदाला ५० वेळा नोंद आणि चेंडूत सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा संवेदक. किकचा क्षण त्यामुळे २ मिलिसेकंदांपर्यंत सापडतो. माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सुचवले आहे की आक्रमकाचे पूर्ण शरीर पुढे असेल तरच ऑफसाइड द्यावा. त्याने आक्रमणाला वाव मिळेल. पण रेष फक्त जागा बदलेल, टाचेचा वाद तसाच राहील.

आणि जे मोजता येत नाही ते पंचावरच सोपवलेले आहे. ऑफसाइड स्थितीतील खेळाडूने गोलरक्षकाची नजर अडवली का? बचावपटूने चेंडू हेतुपुरस्सर खेळला की तो नुसता लागून वळला? हेतुपुरस्सर खेळला असेल, तर तो गोल वाचवण्याचा प्रयत्न नसल्यास ऑफसाइड उरत नाही. २०२१ च्या युरोपीय नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या किलियन एम्बाप्पेचा स्पेनविरुद्धचा गोल याच आधारावर टिकला आणि वाद पेटला. २०२२ मध्ये नियमकर्त्या मंडळाने निकष स्पष्ट केले : चेंडू दुरून येत होता का, तो नीट दिसत होता का, वेग फार होता का, दिशा अनपेक्षित होती का, शरीर सावरायला वेळ मिळाला का.