ठासणीची गोळी: सैल, घट्ट आणि मधलं चरबीचं प्रकरण

आमच्या गावच्या घरात, कोकणात, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती. मे महिन्यात आम्ही लालबागहून गेलो की आजोबा एकदा तरी ती भरून दाखवत. आधी दारू, तिच्यावर नारळाच्या सोडणाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासणं. गज शेवटी नळीत नुसता सोडायचा. खणकन वाजून वर उसळला की भरणं नीट झालं. नेमाचा प्रश्न कधी आलाच नाही. आंब्यावरची वानरं हाकायला आवाज पुरायचा.

प्रश्न येतो तो नळीच्या आत आटे, म्हणजे पिळत गेलेल्या खाचा, असतील आणि एकाच गोळीने जनावर पाडायचं असेल तेव्हा. गोळी आट्यांत घट्ट बसली तर फिरत, सरळ जाते, पण ती तोंडाकडून तळापर्यंत ढकलताना घाम फुटतो. सैल ठेवली तर आपसूक घरंगळत खाली जाते आणि उडताना कुठे जाईल याचा भरवसा नसतो. त्यात काळ्या दारूचा मळ. दोन-चार बार काढले की नळी आतून चोंदत जाते आणि पहिल्या बाराला सहज गेलेली गोळी पाचव्या बाराला अडते. ठासणीच्या रायफलला कुठली गोळी, कुठली चिंधी, कुठलं वंगण या शोधाचा सगळा इतिहास म्हणजे गोळी आणि नळी यांच्यामधल्या अर्ध्या मिलिमीटरचं भांडण आहे.

तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकांचा काळ इथे भराभर ओलांडतो, कारण त्यांत हे भांडण सैलपणाच्या बाजूनेच मिटवलेलं होतं. कंपनीच्या पायदळाच्या हातातली बंदूक पाऊण इंच तोंडाची आणि गोळी त्याहून सुमारे सहा शतांश इंच बारीक. मिनिटाला तीन बार निघत, आणि शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशीब. १८०० साली इंग्रजांनी आट्यांची रायफल काढली तेव्हा गोळी वंगणाच्या चिंधीत गुंडाळून ठोकावी लागे. सुरुवातीला शिपायांना त्यासाठी लाकडी हातोड्यासुद्धा दिल्या होत्या. पुढे १८३० च्या दशकात दोन आट्यांची रायफल आली. तिच्या गोळीला पट्टा असे, तो आट्यांत जुळवून घालायचा. नळी मळली की ती गोळी कुणाचंच ऐकत नसे.

तिढा सुटला तो गोळीचा आकार बदलल्यावर. दक्षिण हिंदुस्थानात चाकरी केलेल्या एका इंग्रज कप्तानाने तिथल्या लोकांची फुंकनळी पाहिली, असं सांगतात. बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा भेंड. फुंकर बसली की भेंड फुगून नळीला चिकटतो आणि हवा वाया जात नाही. त्यावरून त्याने १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ, टोकदार गोळी सुचवली. त्याच्या वरिष्ठांनी ती नाकारली. १८४९ साली एका फ्रेंच कप्तानाने तीच कल्पना बुडात लोखंडी वाटी बसवून पुढे आणली आणि इंग्रजांच्या सरकारने त्याला २०,००० पौंड मोजले. भरताना सैल आणि उडताना फुगून घट्ट, अशी ही गोळी. तिच्यावर त्या कप्तानाचं नाव चिकटलं, मिनिए. फुंकनळीवाल्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

आता एन्फिल्ड. १८५३ ची ही रायफल ०.५७७ इंचाची, आटे तीन, आणि ७८ इंचांत एक वेढा असा मंद पीळ. गोळी ०.५६८ इंचाची. म्हणजे फरक ०.२३ मिलिमीटर, साधारण दोन कागदांच्या जाडीइतका, आणि तोही बराचसा गोळीभोवतीच्या कागदानेच भरून निघायचा. इतक्या निसटत्या मापाला वंगणाशिवाय चालणारच नव्हतं, म्हणून काडतुसाचं गोळीकडचं टोक चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवत. सहा भाग चरबी, एक भाग मेण.

इथे शब्दाचा घोळ आहे आणि शाळेच्या पुस्तकांनी तो कधी सोडवला नाही. पोर्तुगीजांकडून आलेला ‘काडतूस’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पितळी नळकांडं उभं राहतं. त्यामुळे ‘शिपायांना काडतूस दाताने तोडावं लागे’ हे वाक्य वाचून मुलं बुचकळ्यात पडतात. मीही पडलो होतो. ते काडतूस कागदाचं होतं. एका बाजूला दारू आणि पिळलेलं टोक, दुसऱ्या बाजूला गोळी. शिपायाने दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीकडची बाजू तोंडात बसवायची, उरलेला कागद टाकून द्यायचा आणि गजाने गोळी खाली न्यायची.

म्हणजे चरबी ज्या टोकाला, दात त्याच्या विरुद्ध टोकाला. हा मुद्दा पुढे काही इंग्रज लेखकांनी फार चवीने मांडला, जणू शिपाई उगाच बिथरले. मला तो बाष्कळ वाटतो. दहा-दहा काडतुसांच्या पुडक्यात चरबी एका टोकाला शिस्तीत बसून राहते, असं म्हणणाऱ्याने कधी तुपाचा डबा पिशवीतून नेलेला नसावा. शिवाय बोटं तीच. आणि ती चरबी कुठल्या जनावराची, हे कंत्राटात स्पष्ट केलेलं नव्हतं. बंगालच्या फौजेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने याबद्दल १८५३ सालीच, नमुन्याची काडतुसं हवेच्या चाचणीसाठी इकडे आली तेव्हाच, लेखी इशारा दिला होता. तो इशारा कागदांतच राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली तेव्हा शिपायांची मागणी अगदी साधी होती: मेण आणि तेल लावू द्या. महिनाभरात ती मान्यही झाली. वंगण ज्याचं त्याने लावावं, असा हुकूम निघाला. मार्चपर्यंत दाताऐवजी हाताने फाडायची मुभाही आली. पण तोवर संशय चरबीवरून कागदाच्या तकाकीवर सरकला होता. फेब्रुवारीत बहरामपूरला ज्या काडतुसांना पलटणीने नकार दिला ती तर जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची होती, एन्फिल्डची नव्हेतच. नाव मात्र दोन्हींना एकच, काडतूस.

मुंबई इलाख्याची फौज बहुतांशी जागेवर राहिली. जुलैअखेर कोल्हापूरला एक पलटण उठली, आणि १५ ऑक्टोबर १८५७ ला मुंबईत, आज जिथे आझाद मैदान आहे त्या भागात, कटाच्या आरोपावरून दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. चर्चगेटहून सीएसएमटीकडे चालत जाणारे रोज तिथून जातात.

हे सगळं धर्माच्या आणि राज्याच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय. गोळीच्या अंगाने पाहिलं तर दिसतं ते असं की ते वंगण इथल्या उन्हाळ्याला मुळातच नालायक होतं. चरबी वितळून निघून जायची, काडतूस कोरडं पडायचं आणि लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत गोऱ्या शिपायांच्याही गोळ्या नळीत अडायच्या. १८५९ साली दुरुस्ती झाली. गोळी ०.५५ इंचावर आणली, फुगायला मदत म्हणून बुडात लाकडी खुंटी ठेवली, आणि वंगणाचं प्रमाण जवळजवळ उलटं केलं: पाच भाग मेण, एक भाग चरबी. फरक ०.२३ वरून ०.६९ मिलिमीटर झाला आणि गोळी गजाच्या साध्या दाबाने जाऊ लागली. शिपाई मेणच मागत होते, हे पुन्हा सांगायला हवं.

१८६६ नंतर त्याच रायफलींची नळी मागून उघडून मागून भरायची सोय झाली आणि लष्कराचा हा प्रश्न संपला. ठासणी उरली खेड्यांत आणि शिकाऱ्यांकडे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचं दार बंद केलं.

अमेरिकेत मात्र बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरीण मारण्याचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे तोच जुना शोध तिथे हौसेने चालू राहिला. अर्ध्या इंचाच्या नळीला ०.४९० ची शिशाची गोल गोळी आणि तिच्याभोवती गादीच्या पट्टेरी कापडाची चिंधी, हे त्यांचं जुनं जमलेलं गणित. माझे काका गिरणीत होते. त्यांना हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला: “खळ काढतात की नाही?” काढतात. कोरं कापड धुऊन खळ घालवल्याशिवाय ते वंगण नीट पीत नाही. बार झाल्यावर पुढ्यात पडलेली चिंधी उचलून बघायची. कडा नुसत्या झालरलेल्या असतील तर ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ किंवा वंगण कमी. आट्यांच्या जागी कापल्यासारखी असेल तर नळीच्या धारा बोचतायत. दारू तीच ठेवायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मळ साचला की दोन बारांमध्ये ओलसर फडका फिरवायचा.

गोल गोळीला पीळ मंद लागतो, ६०-६६ इंचांत एक वेढा. लांब गोळीला तो पुरत नाही. १९७० च्या दशकात ४८ इंचांचा मधला मार्ग निघाला, जो दोघांनाही चालतो आणि दोघांनाही पुरता रुचत नाही. १९८५ मध्ये नळीच्या सरळ रेषेत दारू पेटवणारी टोपी फुटणारी नवी रायफल आली, पीळ २८ इंचांवर आला, आणि चिंधीची जागा प्लास्टिकच्या पेल्याने घेतली. त्याला सॅबो म्हणतात. अर्ध्या इंचाच्या नळीतून ०.४५ ची पिस्तुलाची गोळी त्यात बसवून जाते. नेम उत्तम, पण भरताना पुन्हा तीच रड: पेला जाड असला की गजावर सगळं वजन टाकावं लागतं. कोलोराडो आणि आयडाहोसारख्या राज्यांनी ठासणीच्या हंगामात सॅबोला मनाईच केली आहे. हंगाम जुन्या पद्धतीसाठी आहे, हे त्यांचं कारण, आणि मला ते पटतं.

अलीकडे तिकडचे चोखंदळ लोक प्लास्टिक काढून नुसती गोळीच साच्यातून दाबून नळीच्या मापाला आणतात, इतकी की अंगठ्याने दाबली तरी आत जावी आणि बार होताना फुगून आट्यांत बसावी. माप ते आपापल्या नळीवर काढतात, कारण एकाच कारखान्याच्या दोन नळ्याही सारख्या निघत नाहीत. आमच्या घरची बंदूक आता चुलतभावाच्या परवान्यावर आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत येते तेव्हा नळीत गंजाचा पातळ थर असतो. मग तो गरम पाणी ओतून, गजाला जुन्या धोतराची चिंधी बांधून ती पुसत बसतो.