गुडघ्याची बलसंवेदना आणि स्थितीसंवेदना मोजणं

डोळे मिटून बसलात तरी गुडघा किती वाकलाय ते साधारण कळतं, आणि पायाने काही ढकलताना किती जोर लावतोय तेही कळतं. या आतल्या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात, हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये वापरात आणला. कोनाचा अंदाज म्हणजे स्थितीसंवेदना, हालचाल सुरू झाल्याचं कळणं म्हणजे गतिसंवेदना आणि जोराचा अंदाज म्हणजे बलसंवेदना. तिन्ही एकाच टेस्टमध्ये सापडत नाहीत, आणि घोळ होतो तो इथेच, नुसता कोन तपासायचा आणि प्रोप्रिओसेप्शन चांगलं आहे असं लिहून मोकळं व्हायचं.

खबर देणारे पण वेगवेगळे असतात. स्नायूतले स्पिंडल (ताणलं जाणं टिपणारे बारीक अवयव) त्याची लांबी नि वेग सांगतात, ताण कळतो तो स्नायूबंधातल्या (स्नायू हाडाला जोडणारा टेंडन) गॉल्जी अवयवांकडून, आणि लिगामेंटमधले (हाडाला हाड जोडणारा पट्टा) संवेदना टिपणारे ग्राहक जास्त करून सांधा टोकाला गेला की बोलतात. वाटीखालच्या स्नायूबंधावर साधारण ८० हर्ट्झचं कंपन दिलं तर गुडघा जागचा हललेला नसतो, तरी तो जास्त वाकल्यासारखा वाटतो!

स्थितीसाठी डोळ्यांवर पट्टी बांधून पाय एका कोनात नेतात, काही सेकंद थांबवतात, परत आणतात आणि मग माणसाने तोच कोन स्वतः शोधायचा. गतीसाठी मशीन पाय सेकंदाला अर्धा अंश वगैरे इतकं हळू हलवतं, आणि जाणवलं की बटण दाबायचं. मोटरचा आवाज ऐकून कुणी ओळखू नये म्हणून कानावर हेडफोन.

बलसंवेदनेला डायनॅमोमीटरची, म्हणजे जोर मोजणाऱ्या मशीनची, खुर्ची लागते, पट्ट्यांनी मांडी आवळलेली, पाऊल सुटं. आधी सगळा जोर लावून घेतात, त्याच्या काही टक्के हे टार्गेट, समजा ३० न्यूटन-मीटर (सांधा वळवणाऱ्या जोराचं एकक). स्क्रीनवरच्या रेषेला धरून पाच सेकंद जोर टिकवायचा, मग स्क्रीन बंद, आता आठवून तेवढाच लावा. पहिल्यांदा ३४ आले, दुसऱ्यांदा २६, म्हणजे चुका +४ आणि −४, तर चिन्हासकट त्या चुकांची सरासरी शून्य येते, म्हणजे कागदावर माणूस एकदम अचूक! चिन्ह सोडून धरली तर ४. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत, एकावर भागत नाही.

टार्गेट एका पायाने आणि नक्कल दुसऱ्याने असंही करतात, पण त्यात एक पाय थकलेला असेल तर मजा होते, तेवढाच जोर काढायला त्याला जास्त मेहनत पडते आणि माणूस बरेचदा ताणापेक्षा मेहनतच जुळवतो, मग ताजा पाय जास्त ढकलून बसतो. दोन पायांची ताकद मुळातच वेगळी असली तरी हाच प्रॉब्लेम.

एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) फाटलेल्यांमध्ये चांगला पाय मापाला धरायची सवय आहे, पण काही अभ्यासांत त्या पायाचीही स्थितीसंवेदना कमी भरलीये, त्यामुळे सोबत दुखापत नसलेल्या माणसांचा गट घेतलेला बरा.