स्त्री-हक्क चित्रपट महोत्सव

स्त्रियांचे कायदेशीर, सामाजिक आणि स्वतःच्या शरीरावरचे हक्क हा विषय केंद्रस्थानी ठेवून देशोदेशींचे चित्रपट निवडणारा, ते दाखवणारा आणि त्यांवर चर्चा घडवून आणणारा महोत्सव. याला अगदी लागून असलेला, पण वेगळा प्रकार म्हणजे दिग्दर्शिकांचा महोत्सव. पहिल्यात चित्रपट कशाविषयी आहे हे पाहिले जाते, तर दुसऱ्यात तो कोणी केला हे. व्यवहारात या दोन कसोट्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांतली वरचढ कोणती मानायची, यावरून या महोत्सवांतील बरेचसे वाद निर्माण झाले आहेत.

दोन्ही प्रकारांचा उगम १९७० च्या दशकातील स्त्रीमुक्ती चळवळीत आहे. जून १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे स्त्रियांच्या चित्रपटांचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो चित्रपट महोत्सवात स्त्रीवादी चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही, क्लेअर जॉन्स्टन आणि लिंडा माइल्स यांनी स्त्रियांच्या चित्रपटांचा स्वतंत्र विभाग आखला. हक्कांच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे ठरले ते नोव्हेंबर १९७३ मध्ये बर्लिनच्या आर्सेनाल चित्रपटगृहात जर्मन दिग्दर्शिका हेल्के झांडर आणि क्लाउडिया फॉन आलेमान यांनी भरवलेले चर्चासत्र. तेथे चित्रपटांची मांडणी कलाप्रकारांनुसार न करता प्रश्नांनुसार केलेली होती : कामगार स्त्रियांचे लढे, गर्भपाताला गुन्हा ठरवणारे जर्मन दंडसंहितेचे २१८ वे कलम, प्रसारमाध्यमांतील स्त्रीप्रतिमा आणि स्त्रीचळवळ. चित्रपट दाखवायचा आणि लगेच त्या विषयावर बोलायला बसायचे, ही आजच्या महोत्सवांतील पद्धत तेव्हाही होती. झांडर यांनी १९७४ मध्ये ‘फ्राउएन उंड फिल्म’ (स्त्रिया आणि चित्रपट) हे नियतकालिक सुरू केले, त्यामागेही हाच अनुभव होता. वजनाला हलक्या आणि तुलनेने स्वस्त अशा १६ मिमी. कॅमेऱ्यांमुळे स्टुडिओच्या बाहेर, मोजक्या पैशांत माहितीपट करणे याच सुमारास शक्य झाले होते. तसे झाले नसते, तर या महोत्सवांना दाखवायला फारसे काही मिळाले नसते.

दिग्दर्शिकांच्या महोत्सवांपैकी सर्वांत दीर्घायुषी महोत्सवांत क्रेतेयचा महोत्सव मोडतो. जॅकी ब्युए आणि एलिझाबेत त्रेआर यांनी तो १९७९ मध्ये पॅरिसजवळील सो या गावी सुरू केला आणि १९८५ मध्ये तो पॅरिसच्याच आग्नेयेकडील क्रेतेय या उपनगरात गेला. जर्मनीत कोलोन (१९८४) व डॉर्टमुंड (१९८७) येथील दोन महोत्सव २००६ मध्ये एकत्र आले. नाव केवळ दिग्दर्शिकांचे असले, तरी या महोत्सवांतील कार्यक्रमांत हक्कांचे प्रश्न सतत डोकावत राहिले.

हक्क हीच मुख्य कसोटी मानणाऱ्या महोत्सवाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘फ्राउएनवेल्टन’, म्हणजे स्त्रियांची विश्वे. तो २००१ पासून दक्षिण जर्मनीतील ट्युबिंगन या विद्यापीठनगरीत भरू लागला आणि पुढे बर्लिनला हलला. ‘तेर दे फाम’ ही १९८१ मध्ये स्थापन झालेली स्त्री-हक्क संघटना तो भरवते. नाव फ्रेंच असले तरी संघटना जर्मन आहे. सक्तीचे विवाह, तथाकथित प्रतिष्ठेपायी होणारी हिंसा, मुलींच्या जननेंद्रियांचे विच्छेदन आणि मानवी व्यापार यांविरुद्ध ती वर्षभर काम करते. महोत्सव हे त्याच कामाचे एक अंग आहे. ट्युबिंगनचा महोत्सव नोव्हेंबरात भरत असे, कारण २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहीयो याच्या राजवटीने १९६० मध्ये तिला विरोध करणाऱ्या तीन मिराबाल भगिनींची हत्या केली. त्यांच्या स्मरणार्थ लॅटिन अमेरिकेतील स्त्रीवाद्यांनी हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये त्याला मान्यता दिली.

संघटनेने भरवलेल्या महोत्सवाचा फायदा असा, की पडद्यावरील प्रश्नावर पुढे काय करता येईल, हे सांगणारी माणसे तेथे हजर असतात. चित्रपटानंतरच्या चर्चेला दिग्दर्शकाबरोबर वकील, डॉक्टर किंवा त्या देशातील कार्यकर्त्या बोलावल्या जातात. जोखीमही तेथेच आहे. हक्कांचा भंग दाखवणारी कथा निवडताना चित्रपट म्हणून ती कशी आहे, हे मागे पडू शकते. शिवाय, युरोपातील सभागृहात बसून आशिया-आफ्रिकेतील स्त्रियांची दुःखे पाहिली, की प्रेक्षकाला आपला समाज सुटल्यासारखा वाटतो आणि पडद्यावरील स्त्री केवळ ‘पीडित’ उरते, हा आक्षेप जुना असला तरी अजून निकालात निघालेला नाही. यावरचा उपाय निवडीतच करावा लागतो : प्रश्न ज्या समाजातील आहे, त्याच समाजातील दिग्दर्शिकेचा चित्रपट घ्यायचा आणि यजमान देशातील घरगुती हिंसाही त्याच कार्यक्रमात दाखवायची. चित्रित झालेल्या स्त्रीच्या संमतीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण एका शहरात टाळ्या मिळवणारा माहितीपट तिच्या गावी तिच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो.

आशियात या महोत्सवांनी वेगवेगळी वळणे घेतली. तैवानमध्ये १९९३ पासून, तर सोल येथे १९९७ पासून महोत्सव भरू लागला. सोलचे ब्रीद ‘स्त्रियांच्या डोळ्यांनी जग पाहू या’ असे आहे. तुर्कस्तानात अंकारा येथील ‘उडता झाडू’ या संघटनेने १९९८ मध्ये महोत्सव सुरू केला. इस्तंबूलच्या ‘फिल्ममोर’ या स्त्रियांच्या सहकारी संस्थेचा महोत्सव २००३ पासून शहरोशहरी फिरतो आणि तुर्की चित्रपटांतील स्त्रीद्वेषाला ‘सोनेरी भेंडी’ नावाचा पुरस्कारही दिला जातो. गंभीर विषयाला मिळालेली ही विनोदाची जोड इतर महोत्सवांत क्वचितच आढळते. अफगाणिस्तानात दिग्दर्शिका रोया सादात यांनी २०१३ मध्ये हेरातच्या प्राचीन किल्ल्यात स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता परतल्यावर तेथे तो भरवणे अशक्य झाले.

स्वतंत्र महोत्सव म्हणजे स्त्रियांना कोपऱ्यात बसवणे, असेही म्हटले जाते आणि स्वतःला आधी ‘दिग्दर्शक’ म्हणवून घेणाऱ्या काही स्त्रियांनी या महोत्सवांपासून अंतर राखले आहे. मात्र मुख्य महोत्सवांतील आकडे या आक्षेपाच्या बाजूने फारसे बोलत नाहीत. मे २०१८ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवाच्या पायऱ्यांवर ८२ स्त्रिया एकत्र उभ्या राहिल्या, तेव्हा दिग्दर्शिका आन्येस व्हार्दा आणि अभिनेत्री केट ब्लँचेट यांनी वाचून दाखवलेल्या निवेदनानुसार १९४६ पासून तेथील स्पर्धेत ८२ दिग्दर्शिकांची, तर १,६८८ पुरुष दिग्दर्शकांची निवड झाली होती. तोवर तेथील सर्वोच्च पारितोषिक एकाच दिग्दर्शिकेला, जेन कॅम्पियन यांना, १९९३ मध्ये मिळाले होते आणि तेही विभागून.

भारतात दूरचित्रवाणी व नभोवाणीतील स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची भारतीय शाखा २००५ पासून दिल्लीत आशियाई स्त्रियांचा चित्रपट महोत्सव भरवते. तो साधारणपणे ८ मार्चच्या आसपास असतो. महाराष्ट्रात मात्र महोत्सवांच्या आधी चित्रपट आले. समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे यांनी पुण्यातील ‘स्त्री-वाणी’ या संशोधन प्रकल्पातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याही आधी, बंगळूर येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘युगांतर’ या गटाने पुण्यातील घरकामगार स्त्रियांबरोबर ‘मोलकरीण’ (१९८१) हा चित्रपट केला होता. सुलोचना यांच्या १९६३ मधील गाजलेल्या चित्रपटाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. त्यानंतर निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवरचा चित्रपट आला. माहितीपट दिग्दर्शिका दीपा धनराज ‘युगांतर’ गटाच्या संस्थापक सदस्य होत्या. हे चित्रपट वस्त्यांत आणि कामगारांच्या बैठकांत प्रक्षेपक नेऊन दाखवले गेले, म्हणजे ज्यांचे हक्क त्यात होते, त्याच त्यांच्या पहिल्या प्रेक्षक होत्या. अनेक वर्षांनी ‘युगांतर’च्या चित्रपटांचे अंकीय जतन झाले, ते बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत, १९७३ चे चर्चासत्र भरले होते ते चित्रपटगृह याच संस्थेचे.